युट्रिक्युलेरिया : निकस भूमीवरील एका वनस्पतिप्रजातीचा आढावा

श्रावणातील पावसाचा जोर ओसरू लागला म्हणजे साताऱ्याच्या पश्चिमेकडील कासच्या पठारावर, आंबोली-चौकुळच्या माळांवर आणि घाट उतरून खाली कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर जो निळाजांभळा रंग पसरतो, त्याचे मोठे श्रेय ज्या वीतभरही उंच नसलेल्या रोपट्यांना आहे, त्यांना आपल्याकडील लोक सीतेची आसवे म्हणतात. रावणाने हरण करून नेलेल्या जानकीचे अश्रू जेथे जेथे गळाले तेथे तेथे ही फुले उगवली, अशी लोकांची भावना आहे; आणि दरसाल भाद्रपदात कासला जाणाऱ्या हजारो प्रेक्षकांपैकी बहुतेकांचा या वनस्पतीशी होणारा परिचय त्या कथेपाशी व त्या रंगापाशीच संपतो. वस्तुतः फुलाच्या देठाखाली, पाण्याने निथळणाऱ्या चिखलात दडलेल्या तिच्या अंगात, वनस्पतिसृष्टीतील अत्यंत सूक्ष्म आणि अत्यंत वेगवान असे एक यंत्र अहोरात्र कार्यरत असते, आणि त्या यंत्राचा उलगडा करण्यात युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या चार-पाच पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

लिनीयसने १७५३ साली ज्या प्रजातीला युट्रिक्युलेरिया असे नाव दिले, तिच्यासंबंधी आजवर साठलेल्या ज्ञानाचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे. या ज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा, म्हणजे शरीररचना, भक्षणाची यंत्रणा, आनुवंशिक द्रव्य, जातींचे वर्गीकरण आणि भूप्रदेशातील वितरण, या एकमेकींपासून दूर दूर वाढल्या असल्या, तरी मला त्या सर्वांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. या वनस्पतीचे सारे वैचित्र्य तिच्या भूमीच्या निकसपणातून उद्भवले आहे. आणि ज्याला तिचे रक्षण करावयाचे आहे त्याला त्या भूमीचे दारिद्र्यही रक्षावे लागेल. जमीन सुधारणे हे ज्या समाजात पुण्यकर्म मानले जाते त्या समाजाला ही गोष्ट सहजासहजी पटणारी नाही, म्हणूनच ती सविस्तर मांडणे अवश्य आहे.

प्रथम प्रजातीचा व्याप पाहू. लंडनजवळील क्यू येथील उद्यानात आयुष्य वेचलेल्या पीटर टेलर यांचा या प्रजातीवरील बृहद्ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी २१४ जाती मान्य केल्या. त्यानंतर नव्या जातींची भर पडत गेल्याने आजचा आकडा त्याच्या बराच पुढे गेला आहे. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत या प्रजातीचा संचार आहे, परंतु तिची खरी समृद्धी उष्ण कटिबंधातील दक्षिण अमेरिकेत आणि त्याखालोखाल ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आढळते. ज्या लेंटिब्युलॅरिएसी कुलात ती मोडते त्यातील उरलेल्या दोन्ही प्रजातीही मांसाहारीच आहेत : चिकट पानांवर कीटक धरणारी पिंग्विक्युला, जिची एक जाती आपल्या हिमालयाच्या उंच भागात उगवते, आणि आफ्रिका व अमेरिका या खंडांपुरतीच असलेली, जमिनीखाली मळसूत्री नळ्यांचे सापळे पसरणारी जेन्लिसिया. युट्रिक्युलेरियाच्या जलचर जाती पाठ्यपुस्तकांमुळे अधिक प्रसिद्ध आहेत, तरी संख्येने त्या थोड्या. बहुसंख्य जाती ओल्या जमिनीत वाढणाऱ्या आहेत, काही शेवाळलेल्या कातळावर वा झाडाच्या सालीवर राहतात, काही वाहत्या ओढ्यातील खडकाला चिकटून असतात, आणि गियाना प्रदेशातील उंच पठारांवरची हंबोल्ट्याय ही जाती तर अननसाच्या कुलातील मोठ्या झाडांच्या पानांत साठलेल्या पाण्यात आपला संसार थाटते. जेथे ओल भरपूर आणि अन्नद्रव्ये दुर्मिळ, तेथे ही प्रजाती, असा तिच्या वसतिस्थानांचा सामान्य नियम सांगता येईल.

तिच्या शरीराकडे वळले म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच धड्याला तडा जातो. मूळ, खोड आणि पान ही जी त्रयी आपण शाळेपासून गिरवीत आलो, ती येथे लागू पडत नाही. या वनस्पतीला मूळ नाही. बीजातील गर्भालाच मूळ फुटत नाही. चिखलात आडवे पसरणारे दोऱ्यासारखे धावते अवयव, त्यांवर मधून मधून उगवणाऱ्या हिरव्या पात्या आणि जागोजाग लागलेल्या लहान लहान पिशव्या, एवढ्यावर तिचा प्रपंच चालतो. आणि यांतील कोणता अवयव खोड समजावा व कोणता पान, यासंबंधी एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडित गोबेल यांच्यापासून आजपर्यंत वाद चालू आहे. तथाकथित पानातून धावता अवयव फुटतो, धावत्या अवयवाचे टोक पानासारखे वागते, आणि पिशवी ही पानाच्या एखाद्या खंडाचे रूपांतर असावी असे मानले तरी ती कोठेही उगवू शकते. या वादाचा निकाल लावण्याची घाई करण्यात अर्थ नाही असे माझे मत आहे, कारण हे विभाग आपण इतर वनस्पतींच्या निरीक्षणावरून पाडलेले आहेत आणि या वनस्पतीने त्यांचे बंधन झुगारून दिले आहे. पाणी वर ओढून आणण्याची गरज नाही, कारण ती पाण्यातच उभी आहे. क्षार शोषण्यासाठी मुळांचे जाळे पसरण्यात फारसा लाभ नाही, कारण जमिनीत क्षारच नाहीत. मग मुळांचा खर्च तिने का करावा?

फूल मात्र अगदी रूढ वळणाचे आहे. पर्णहीन, काडीसारख्या देठावर दोन ओठांचा पुष्पमुकुट, त्याच्या मागे मधाचा अणकुचीदार शुंड, आत दोन पुंकेसर आणि खाली दोन पाळ्यांचा संवर्त. खालच्या ओठावरील फुगवट्यावर बहुधा पिवळा वा पांढरा ठिपका असतो आणि तो कीटकांना मार्ग दाखवितो. कित्येक जातींत कुक्षीची पाळी स्पर्श होताच मिटते, जेणेकरून परत फिरणाऱ्या कीटकाकडून त्याच फुलाचे पराग तिच्यावर पडू नयेत. वर कीटकांचे आतिथ्य करावयाचे आणि खाली सूक्ष्म प्राण्यांचे भक्षण करावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. परंतु दोन्ही ठिकाणचे पाहुणे भिन्न असल्याने त्यात विसंगती येत नाही.

आता त्या पिशवीविषयी. सर्वांत लहान पिशवी एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, तर सर्वांत मोठी सुमारे बारा मिलिमीटरची. आपल्या पठारांवरील जातींच्या पिशव्या मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. पिशवीची भिंत बहुतेक ठिकाणी केवळ दोन पेशींच्या जाडीची. तोंडाशी आतल्या बाजूस उघडणारी एक झडप असून ती खालच्या जाड उंबऱ्यावर घट्ट टेकलेली असते आणि चिकट द्रव्याने फट बुजविलेली असते. भिंतीतील ग्रंथी आतील पाणी सतत बाहेर टाकीत राहतात, त्यामुळे आतील दाब बाहेरच्याहून कमी होतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती आत ओढल्या जाऊन पिशवी चपटी होते. शाईचे पेन भरण्याच्या काचनळीचा रबरी फुगा दाबून धरावा तशी तिची अवस्था असते. झडपेच्या बाहेरील पृष्ठभागावर काही ताठ केस असतात. पाण्यातील एखादा सूक्ष्म कवचधारी जीव, एखादे रोटिफर वा कृमी त्या केसांना लागला, की झडपेचा तोल ढळतो, ती आत वळते, भिंती आपल्या ताणामुळे बाहेर उसळतात, आणि पाण्याच्या लोटाबरोबर तो जीव आत खेचला जातो. लगेच झडप पुन्हा बंद. ग्रंथींचे काम पुन्हा सुरू होते आणि सुमारे अर्ध्या तासाच्या आत पिशवी दुसऱ्या शिकारीस सिद्ध होते.

या सर्व घटनेला किती वेळ लागतो, याचे उत्तर मिळण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पिशव्या वनस्पतीला पाण्यावर तरंगत ठेवण्यासाठी आहेत असे सर्रास मानले जाई. त्या समजुतीविरुद्ध एक साधा पुरावा डोळ्यांसमोर होता, तो म्हणजे भूचर जातींच्या चिखलात पुरलेल्या पिशव्या, ज्यांना तरंगण्याचे काहीच कारण नव्हते. पण पुरावा समोर असला तरी तो पाहण्याची दृष्टी यावी लागते. १८७५ हे साल या बाबतीत निर्णायक ठरले. त्या वर्षी ब्रेस्लाउ येथील फर्डिनांड कोन यांनी पिशव्यांचे भक्षकत्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत न्यू जर्सीमधील मेरी ट्रीट या स्वशिक्षित निसर्ग-अभ्यासिकेने सूक्ष्मदर्शकातून केलेली निरीक्षणे त्याच सुमारास प्रकाशात आली. आणि डार्विनने आपल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात या प्रजातीला दोन प्रकरणे दिली आणि ट्रीटबाईंच्या निरीक्षणांचे ऋण त्यात मोकळेपणाने मान्य केले. तथापि प्राणी आत कसा जातो, या प्रश्नावर डार्विनचे उत्तर चुकले होते. प्राणी आपले डोके पाचरीसारखे झडपेखाली घालून स्वतःच आत शिरतो, असे त्याला वाटले. पिशवी स्वतः खेचते, हे प्रथम दाखविले ते ब्रोशे यांनी १९११ साली. त्यानंतर वीस-तीस वर्षे अनेकांनी या यंत्रणेचा पिच्छा पुरविला, आणि फ्रान्सिस लॉइड यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या मांसाहारी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात त्या सर्व श्रमांचे सार मांडले. वेगाचे माप मात्र फ्रान्समध्ये अतिवेगवान छायाचित्रणाच्या साह्याने २०११ साली हाती आले : झडप उघडून पाणी आत ओढले जाण्याचा मुख्य भाग सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत उरकतो आणि पाण्याला मिळणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटींपर्यंत जाते. ज्या वनस्पतीला स्नायू नाहीत आणि मज्जातंतू नाहीत, तिने केवळ दोन पेशींच्या भिंतीतील ताणावर हे साधावे, यासारखी विस्मयकारक गोष्ट वनस्पतिजीवनात मला तरी दुसरी ठाऊक नाही.

पिशवीत गेलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. आतील ग्रंथी पाचक रस स्रवतात, जीव विरघळतो आणि नत्र व स्फुरद वनस्पतीच्या अंगी लागतात, असे त्याचे सरळ उत्तर आहे आणि ते खरेही आहे. परंतु अलीकडच्या संशोधनाने त्यात एक पुरवणी जोडली. कित्येक पिशव्यांत शिकारीऐवजी जीवाणू, शैवाले आणि एकपेशी प्राणी यांची एक वस्तीच नांदत असते. वनस्पती त्यांना आपल्या प्रकाशसंश्लेषणातून निर्माण झालेली कर्बद्रव्ये पुरविते आणि ती वस्ती सेंद्रिय गाळ कुजवून क्षार मोकळे करते. केस न हलताही पिशवी अधूनमधून आपोआप उघडते, असेही दिसून आले आहे, आणि त्यामुळे शिकार नसली तरी बाहेरचे पाणी व त्याबरोबर नवी वस्ती आत येत राहते. म्हणजे शिकारी आणि शेतकरी या दोन्ही वृत्ती एकाच पिशवीत एकवटल्या आहेत. शिवाय या पिशव्या फुकटच्या नाहीत. त्यांच्या उभारणीत आणि पाणी उपसण्याच्या कामात वनस्पतीची बरीच शक्ती खर्च होते; म्हणून जलचर जातींना क्षारयुक्त पाण्यात वाढविले असता त्या पिशव्या कमी काढतात, असे प्रयोगांत दिसते. शिकार हा तिचा विलास नसून टंचाईच्या काळातील तरतूद आहे, हे यावरून उघड होते.

आनुवंशिक द्रव्याच्या बाबतीतही या प्रजातीने शास्त्रज्ञांना चकित केले. गिब्बा ही जाती, जी आपल्याकडील डबक्यांतही पिवळ्या फुलांनी ओळखू येते, तिच्या जनुकसंहितेचे वाचन मेक्सिको व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. ती संहिता अवघ्या ८.२ कोटी अक्षरांची निघाली, पुढील अधिक काटेकोर वाचनात ती सुमारे दहा कोटींची ठरली. तरीही तिच्यात सुमारे २८,५०० जनुके आहेत, म्हणजे तिच्याहून कितीतरी पट मोठी संहिता बाळगणाऱ्या वनस्पतींइतकीच. सजीवांच्या संहितेत जो प्रचंड भाग जनुकांचा नसतो, तो नको असेल तर टाकून देता येतो, याचा हा सजीव पुरावा होय. या संक्षेपाचे कारण पिशव्यांतील पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या तीव्र श्वसनक्रियेत असावे, त्यातून उत्पन्न होणाऱ्या उपद्रवी प्राणवायूच्या रूपांनी आनुवंशिक द्रव्य वारंवार तुटत असावे आणि जोडताना तुकडे गळत असावेत, असा एक तर्क मांडला गेला आहे. तर्क आकर्षक आहे, पण त्याला अद्याप तर्काचाच दर्जा द्यावा हे बरे.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. पश्चिम भारतातील या जातींचे पद्धतशीर नामकरण मुंबई इलाख्यातील इंग्रज अंमलदारांनी केले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा पोटाचा व्यवसाय वनस्पतिशास्त्राचा नव्हता. जॉन ग्रॅहॅम हे टपाल खात्यातील अधिकारी. मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची त्यांची सूची १८३९ साली निघाली, परंतु छपाई पुरी होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम जोसेफ निमो यांनी तडीस नेले. पर्प्युरासेन्स हे जातिनाम त्या सूचीतले. वनखात्यात काम केलेले निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनी निळी-पांढरी आल्बोसेरूलिया ही जाती प्रथम वर्णिली, आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ साली मुंबई प्रांताच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला, आणि त्यानंतर दीर्घ काळ आपल्या विद्यार्थ्यांचा हाच प्रमाणग्रंथ होता. स्वातंत्र्योत्तर काळात ही धुरा भारतीयांनी उचलली : एम. के. जनार्थनम् आणि ए. एन. हेन्री यांचा भारतातील युट्रिक्युलेरियांवरील ग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षणातर्फे १९९२ साली प्रसिद्ध झाला. जनार्थनम् पुढे गोवा विद्यापीठात प्राध्यापक झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव व त्यांचे सहकारी यांनी २००० साली महाराष्ट्रातील एक नवी जाती वर्णून तिला जनार्थनम् यांचेच नाव दिले. एका अभ्यासकाने दुसऱ्याच्या श्रमांना दिलेली ही दाद मला फार सुंदर वाटते, कारण ती रानात, चिखलात, त्याच वनस्पतीच्या सान्निध्यात दिली गेली.

भारतातील एकूण जाती चाळिसाच्या आसपास धरल्या जातात आणि त्यांतील मोठा भाग पश्चिम घाट व कोकण या पट्ट्यात एकवटलेला आहे. सर्वसामान्य माणूस ज्यांना सरसकट सीतेची आसवे म्हणतो, त्या एका नावाखाली अनेक जाती येतात. पर्प्युरासेन्स ही जांभळट. रेटिक्युलाटा तिच्याजवळची, पण आजूबाजूच्या गवताला वेढे घेत चढणारी, आणि केरळात हीच काक्कप्पू म्हणून ओणमच्या फुलांच्या रांगोळीत मानाने बसते. आल्बोसेरूलिया आणि लॅझुलिना या निळ्या-पांढऱ्या, मोठ्या फुलांच्या. ग्रॅमिनिफोलिया आणि युलिजिनोसा या दलदलीच्या व भाताच्या बांधांच्या. स्ट्रायट्युला ही शेवाळ्यात दडणारी, टीचभर कातळाच्या ओल्या भिंतीला किंवा झाडाच्या सालीला चिकटून राहणारी, आणि आफ्रिकेपासून न्यू गिनीपर्यंत पसरलेली. यांपैकी निळ्या-जांभळ्यांचा मोठा समूह टेलर यांनी ऑलिगोसिस्टा या एकाच विभागात घातला आहे, आणि पश्चिम घाट हे त्या विभागाचे एक मोठे केंद्र होय. त्यांना परस्परांपासून वेगळे ओळखणे हे मात्र कष्टाचे काम आहे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात निळा रंग उडतो, ओठांचा आकार चुरगळतो, आणि अखेर बीजाच्या सालीवरील नक्षी व संवर्ताच्या कडा यांवर भिस्त ठेवावी लागते. जुन्या संग्रहालयांतील कागदांवर एकाच जातीला तीन-तीन नावे आणि तीन जातींना एकच नाव पडलेले आढळते, ते यामुळेच.

जलचर जातींना येथे थोडक्यातच निरोप देतो. ऑरिया, स्टेलॅरिस, इन्फ्लेक्सा आणि गिब्बा या स्थिर, स्वच्छ व उथळ पाण्यात राहणाऱ्या जाती असून स्टेलॅरिसचा फुलोरा फुगीर अवयवांच्या चक्रावर पाण्याबाहेर तोलून धरलेला असतो. विदर्भातील जुन्या मालगुजारी तलावांसारखी पाणथळे ही त्यांना मानवणारी जागा. परंतु सांडपाण्याने वा खतांच्या निथळीने पाणी क्षारयुक्त झाले, की जलपर्णीसारख्या बळकट वनस्पती पृष्ठभाग व्यापतात आणि खालचा प्रकाश नाहीसा होतो. पाण्यात अन्न वाढल्याने ही वनस्पती सुखी होत नाही. तिचे प्रतिस्पर्धी सुखी होतात आणि ती जागा गमावते.

हाच न्याय पठारांना अधिक कठोरपणे लागू पडतो, आणि या आढाव्याचा गाभा मी तोच समजतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील काळ्या पाषाणातून लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने विरघळणारे क्षार वाहून नेले. मागे उरली ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची जड, तांबडी द्रव्ये, ज्यांचा जांभा झाला. ही द्रव्ये स्फुरदाला असे बांधून ठेवतात की ते मुळांच्या हाती लागत नाही. नत्र पावसाबरोबर धुपून जाते. मातीचा थर बोट-दोन बोटे, कोठे वीतभर. आषाढापासून आश्विनापर्यंत हा कातळ पाण्याने भरलेला, आणि कार्तिकापासून आठ महिने भट्टीसारखा तापलेला. मोठी झाडे येथे पाय रोवू शकत नाहीत, बळकट गवतांनाही पोट भरण्याइतके मिळत नाही. परंतु जो नत्र-स्फुरद पाण्यातील जीवांच्या देहातून मिळवितो, ज्याला मुळे नाहीत आणि ज्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे आहे, त्याला हीच जागा मोकळी मिळते. म्हणून सीतेच्या आसवांच्या शेजारी गेंद आणि चिकट केसांनी कीटक धरणारे दवबिंदू हे नियमाने आढळतात. ही सर्व टंचाईवर जगण्याची कला साधलेली मंडळी आहेत. पावसाळा संपताना धुळीसारखे बारीक बी चिरांत व वाळल्या गाळात पडते आणि त्या तापलेल्या कातळावर पुढील मृगाची वाट पाहते.

अशा जमिनीची शासकीय दफ्तरांतील स्थिती काय आहे? कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबई इलाख्याची जी जमीनपाहणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून सुरू झाली, तिचा हेतू शेतसारा ठरविण्याचा होता. ज्या क्षेत्रातून पीक निघत नाही त्यावर आकार बसत नसे आणि ते पोटखराब्यात वा पडीत जमा होई. त्या काळच्या महसुली दृष्टीने ते रास्तच होते. परंतु तीच नोंद सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजतागायत चालत आली, आणि ज्या जमिनीचा सरकारदरबारी काही उपयोग लिहिलेला नाही, ती दुसऱ्या कोणत्याही उपयोगासाठी देण्यास हरकत नाही, असा अर्थ तिच्यातून निघत गेला. कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. कोकणात घरबांधणीच्या चिऱ्यांसाठी जांभा कापून काढला जातो. साताऱ्यातील चाळकेवाडी-वानकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते आले. गोव्यात मोप्याच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. यांतील प्रत्येक योजनेमागे काही ना काही लोकोपयोगी कारण होते हे नाकारता येत नाही. तथापि त्या त्या ठिकाणी कोणत्या जाती होत्या, याची यादी तरी आधी करावयास हवी होती.

खाणीपेक्षाही अवघड प्रश्न सुधारणेचा आहे, कारण त्याच्यापाठी सद्भावना असते. सड्यावर सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती व खत आणून हापूसची कलमे लावणारा बागायतदार हा उद्योगी माणूस आहे आणि त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु त्या खताची निथळ पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या उताराभर पसरते आणि जेथे कोणी खत घातले नाही तेथेही बळकट गवत वाढू लागते. माळावर झाडे लावण्याच्या मोहिमांचीही हीच कथा. ओसाड दिसणारा माळ हिरवा करावा, हा त्यांचा हेतू शुद्ध असतो, पण भाद्रपदात तोच माळ निळा होतो हे लावणी करणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. उत्तर पश्चिम घाटातील व कोकणातील कातळपठारांचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी, ही पठारे स्वतंत्र परिसंस्था म्हणून ओळखली जावीत असा आग्रह सातत्याने धरला आहे, आणि मला तो पूर्णपणे रास्त वाटतो.

कास या बाबतीत अधिक भाग्यवान, कारण २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला त्यांत त्याची गणना झाली. भाग्याबरोबर गर्दी आली, गर्दीबरोबर बंदोबस्त आणि बंदोबस्ताबरोबर तारेचे कुंपण. कुंपणामुळे पायदळी तुडविणे कमी झाले, पण पूर्वापार चरणारी गुरेही बाहेर राहिली. चराई थांबल्याने उंच गवत माजते आणि बुटक्या फुलझाडांवर सावली धरते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि ते कुंपण काढण्यात आले. गुरांनी किती चरावे, केव्हा चरावे, आणि त्यांच्या शेणाने जमिनीत पडणारी भर गवत कापल्याने होणाऱ्या लाभाहून अधिक तर नाही, हे प्रश्न केवळ मतामतांनी सुटण्याजोगे नाहीत. पठाराचे तुकडे आखून, काहींत चराई चालू व काहींत बंद ठेवून, निदान दहा-पंधरा पावसाळे त्यांवरील जातींची मोजदाद केली पाहिजे. आणि हे काम पठाराकाठच्या गावांतील गुराख्यांना व शेतकऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय नीट होणार नाही, कारण कोणत्या साली कोणता उतार निळा झाला होता याची आठवण त्यांच्याजवळ आहे.

कोकणातील स्थिती याहून वेगळी आहे. तेथील सडे पुष्कळ अंशी खाजगी मालकीचे, सामाईक खातेदारांत विभागलेले, आणि कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. त्यामुळे केवळ वनखात्याच्या हुकुमाने तेथे काही साधणार नाही. गेल्या काही वर्षांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील याच सड्यांवरील प्राचीन कातळशिल्पांकडे विद्वानांचे आणि गावकऱ्यांचे लक्ष वेधले गेले आहे, आणि ज्या कातळावर शिल्प खोदलेले आहे त्याच कातळाच्या खळग्यांत पावसाळ्यात युट्रिक्युलेरिया उगवते. शिल्पांच्या नोंदीसाठी हिवाळ्यात व उन्हाळ्यात सड्यावर जाणाऱ्या मंडळींनी भाद्रपदातही एक फेरी करावी, ताज्या फुलाचे रंगीत छायाचित्र घ्यावे, आणि आश्विनात त्याच जागेवरून पिकलेल्या बोंडांतील चिमूटभर बी कागदात बांधून जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावे. सड्यागणिक फुलाचा रंग आणि बीजाची नक्षी यांची अशी जोडनोंद झाली, तर ज्या जातींच्या सीमा आज वाळलेल्या कागदांवरून ठरविल्या जातात, त्या प्रत्यक्ष भूमीवरून ठरविता येतील.